दोनशे युनिटांतला गेमिंग संगणक

सुटे भाग निवडून गेमिंग संगणक जुळवताना आधी प्रोसेसर ठरवावा की ग्राफिक्स कार्ड, यावर जाणकारांत एकमत नाही. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात मात्र सर्वांत आधी विजेचे बिल ठरले. कर्नाटकात २०२३ पासून घरगुती वीज फुकट देणारी गृहज्योती योजना चालू आहे आणि महिन्याचा वापर २०० युनिटांपलीकडे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. खानापूरहून शिकायला येऊन आमच्याकडे राहिलेल्या भाच्याला संगणक हवा होता. पैसे त्याच्या वडिलांचे, वीज आमची. त्यामुळे त्याच्या यादीत सौभाग्यवतींनी किमतीच्या शेजारी वॅटचा रकाना आखून घेतला.

पहिली यादी दिसायला देखणी होती. प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे त्यावरची प्रोसेसर बसवायची जागा), रॅम डीडीआर४. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी उत्तम. फक्त मदरबोर्डाचे उरलेल्या दोघांशी काही नाते नव्हते. ५६०० हा एएम४ सॉकेटचा, आणि २०२२ साली आलेल्या एएम५ वर डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालत नाही. खडेबाजारातल्या दुकानदाराने दोन्ही रॅमच्या पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या: लांबी तीच, पिना दोहोंना २८८, पण खालच्या कडेची खाच जराशी सरकलेली. मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने "जरा दाबलं तर बसतंय की," असा अभिप्राय देताच त्याने पट्ट्या तातडीने आत ठेवल्या. आम्ही मदरबोर्ड बदलून एएम४ चा घेतला.

खरी लढाई ग्राफिक्स कार्डाची. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी आणि २०२३ च्या ४०६० ला ८ जीबी, म्हणजे मॉडेल नवे आणि मेमरी कमी, हा प्रकार मलाही पटला नाही. भाचा १२ जीबीच्या बाजूने पोटतिडकीने बोलला. सौभाग्यवतींनी रकाना पाहिला. "एकशे सत्तर वजा एकशे पंधरा, पंचावन्न. तेवढ्यात आपला माळ्यावरचा पंखा फिरतोय." ४०६० मंजूर झाले. (वेगात ते जुन्यापेक्षा सरस आहे, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.)

पॉवर सप्लायच्या नावापुढे ६५० वॅट वाचून यादी जवळजवळ फाटली होती. तो आकडा ऐपतीचा आहे, खर्चाचा नाही. संगणक मागेल तेवढीच वीज तो ओढतो, हे पटवताना माझा घसा सुकला. त्यात कोल्हापूरच्या मेहुण्यांनी फोनवर "साडेसातशेचाच घ्या, मी इकडून पाठवतो," असा सल्ला दिला. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच, आणि त्यांच्याकडे गृहज्योती नाही, तेव्हा त्यांचे औदार्य समजण्यासारखे होते. वर आमच्या सप्लायवर '८० प्लस गोल्ड', म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा दाखला, लिहिलेला. सोने कुठे आहे, याचीही चौकशी झाली. स्वस्तातला, बिननावाचा सप्लाय मात्र मी येऊ दिला नाही. तो जाताना एकटा जात नाही, शेजारच्या कार्डालाही घेऊन जातो.

शेवटी तिने हिशेब मांडला: खेळताना एकंदर तीनशे वॅट, रोज चार तास, महिन्याला छत्तीस युनिट. बेळगावच्या डिसेंबरात गीझर चालू झाला की दोनशेची वेस ओलांडणार, हे उघड होते. गीझर की गेमिंग, असा प्रश्न तिने भाच्यापुढे ठेवला.

"गार पाण्यानं आंघोळ करतो मामी," तो क्षणात म्हणाला, "खरं कॅबिनेटला लाइटचे पंखे पायजेत."