अमाइनच्या नावांचा नुसता चुथडा लावलाय

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानांत बारावी केमिस्ट्रीच्या ज्या तयार नोट्स मिळतात, त्यातलं अमाइनचं (अमोनियातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनचे गट बसलेल्या संयुगांचं) पान एकदा उघडून बघा. डोकं फिरतं. एका ओळीत डायइथाइलअमाइन, खाली एन-इथाइलइथेनामाइन, आणि त्याला 'किंवा' जोडून एन,एन-डायइथाइलइथेनामाइन. किंवा कसलं? हे तिसरं नाव ट्रायइथाइलअमाइनचं आहे! पहिल्या दोन नावांच्या पदार्थात नायट्रोजनवर एक हायड्रोजन असतो, तिसऱ्यात एकही नसतो. पदार्थ वेगळा, बाटली वेगळी, रिॲक्शन वेगळी. आणि पोरं हे पाठ करतात, कारण छापलंय.

ही चूक येते कुठून, तर दोन पद्धती एकाच पानावर कालवल्यामुळे. जुन्या पद्धतीत नायट्रोजनला जे जे गट लागलेत ते सगळे सांगायचे आणि शेवटी अमाइन लावायचं. आययूपॅकमध्ये, म्हणजे रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या पद्धतीत, तसं नाही. तिथं नायट्रोजनला लागलेल्या साखळ्यांतली सगळ्यांत लांब साखळी मुख्य धरायची, तिच्या अल्केनच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई काढायचा आणि अमाइन जोडायचं. म्हणजे एक साखळी नावाच्या शेवटात आधीच गेली. एन, म्हणजे 'नायट्रोजनवर लागलाय' ही खूण, लागतो तो उरलेल्यांनाच. दोन इथाइल असतील तर एक 'इथेनामाइन'मध्ये गेला, एक उरला, एन एकदा. तीन असतील तर दोन उरले, एन दोनदा. फळ्यावर पाच मिनिटांचं काम आहे हे. पण ते न सांगता 'डाय दिसला की एन,एन लिहा' असली ट्रिक देतात, आणि मग पेपरात 'एन,एन-डायमिथाइलअमाइन' असलं कुठल्याच पद्धतीत न बसणारं नाव येतं. मार्क जातो पोराचा. ट्रिक देणाऱ्याचं काय जातं?

ही पोरं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळहून एसटीनं येतात. त्यातली कितीतरी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात, अकरावीला सगळी केमिस्ट्री एकदम इंग्रजीत अंगावर येते. त्यांना नियम धड सांगितला तर ती कुणापेक्षा कमी नाहीत. त्यांच्या हातात चुकीचा कागद द्यायचा, वर त्याचे पैसे घ्यायचे, याला काय म्हणायचं?

दुसरा घोळ प्रायमरी, सेकंडरी, टर्शरीचा. अल्कोहोलच्या धड्यात ओएच ज्या कार्बनवर आहे तो कार्बन बघायचा. अमाइनमध्ये कार्बन बघायचाच नाही, नायट्रोजन बघायचा, त्याला किती कार्बन थेट जोडलेत ते मोजायचे: एक तर प्रायमरी, दोन तर सेकंडरी, तीन तर टर्शरी. टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल टर्शरी आहे, पण टर्शरी ब्युटाइल अमाइन प्रायमरी आहे! नायट्रोजनवर एकच कार्बन, दोन हायड्रोजन. आययूपॅक नाव २-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन. क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलिक केओएच घालून तापवा, कार्बिलअमाइन टेस्टचा तो घाण वास येणारच, कारण अमाइन प्रायमरी आहे. नावात टर्शरी दिसलं म्हणून पोरगं 'टेस्ट येत नाही' लिहून मोकळं होतं. हा फरक अल्कोहोलचा धडा संपतानाच ठणकावून सांगायला हवा, आणि नेमका तोच गाळतात.

चार कार्बन, अकरा हायड्रोजन, एक नायट्रोजन. या एका सूत्रावर अख्खा नियम शिकवून होतो. आयसोमर, म्हणजे सूत्र तेच पण रचना वेगळी असे पदार्थ, आठ. प्रायमरी चार: ब्युटेन-१-अमाइन, ब्युटेन-२-अमाइन, २-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन आणि वरचं २-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन. सेकंडरी तीन: एन-इथाइलइथेनामाइन, एन-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन, एन-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन. टर्शरी एकच: एन,एन-डायमिथाइलइथेनामाइन. नोट्समध्ये सात सापडतात, कारण एन-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन हमखास विसरतात. प्रोपाइल सरळही असतो आणि आयसोही, हे मोजतच नाहीत. आणि 'नावात काय एवढं' म्हणणाऱ्यांनी उत्कलनबिंदू बघावेत. सूत्र तेच, पण ब्युटेन-१-अमाइन ३५०.८ केल्विनला उकळतं, एन-इथाइलइथेनामाइन ३२९.३ ला, एन,एन-डायमिथाइलइथेनामाइन ३१०.५ ला. पहिल्यात नायट्रोजनवर दोन हायड्रोजन, म्हणून रेणूरेणूंत हायड्रोजन बंध जास्त. शेवटच्यात नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही. नाव बरोबर लिहिता आलं तर हे नावातच वाचता येतं.

नावात गटांचा क्रम लावताना तर विचारूच नका. इंग्रजी अक्षरक्रम पाळायचा, डाय-ट्राय धरायचे नाहीत. म्हणून एन-इथाइल-एन-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन, इथाइल आधी. एक मिथाइल नायट्रोजनवर आणि एक कार्बनवर असेल तर दोन्ही पत्ते एकत्र: एन,२-डायमिथाइलप्रोपेन-२-अमाइन. इथं 'एन,एन' ठोकलं की रचनाच बदलली. आकडा 'अमाइन'च्या लगेच आधी लिहायचा हे आययूपॅकनं १९९३ च्या शिफारशींत सांगितलं, तरी '२-प्रोपेनामाइन' जुन्या गाइडातून उतरवत बसतात. दोन अमाइन गट असले की डायअमाइन. तिथं ई काढायचा नाही, कारण पुढं 'डी' हे व्यंजन येतं. स्पेलिंगमधला एक ई, पण रोज चुकतो.

सगळ्यांत जास्त चीड येते ती ॲनिलीन आणि बेंझाइलअमाइन एकाच चौकटीत कोंबतात तेव्हा. ॲनिलीनमध्ये नायट्रोजन थेट रिंगला लागलेला. ॲनिलीन हे नाव आययूपॅकनंही ठेवलंय, बेंझिनामाइन लिहिलं तरी चालतं. बेंझाइलअमाइनमध्ये मध्ये एक सीएच२ आहे, म्हणून ते फिनाइलमिथेनामाइन. पीकेबी (हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ जास्त बेसिक) ॲनिलीनचा ९.३८, बेंझाइलअमाइनचा ४.७०. हा लॉगचा आकडा आहे, म्हणजे बेंझाइलअमाइन सुमारे ४८,००० पट जास्त बेसिक! ० ते ५ अंश सेल्सिअसला सोडियम नायट्राइट आणि एचसीएल घालून बीटा-नॅफ्थॉल टाका, ॲनिलीन नारिंगी-लाल रंगद्रव्य देतं, बेंझाइलअमाइन देत नाही, नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात. असे दोन पदार्थ 'ॲरोमॅटिक अमाइन' म्हणून एका डब्यात कोंबायचे?

आणि ओएच सोबत असेल तर अमाइन शेवटात येतच नाही, अमिनो होऊन पुढं जातं: २-अमिनोइथेनॉल. '२-हायड्रॉक्सीइथेनामाइन' चूक. ॲसिड, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, सगळे अमाइनच्या वर. दुहेरी बंध मात्र खाली, म्हणून प्रोप-२-ईन-१-अमाइन.

बरं, शिकवायला उदाहरणं लांबून आणायला नकोत. उसाच्या पट्ट्यातल्या घरांत तणनाशकाच्या बाटल्या असतातच. २,४-डी डायमिथाइल अमाइन सॉल्ट ५८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण): त्यातलं अमाइन एन-मिथाइलमिथेनामाइन, सेकंडरी. ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल: आयसोप्रोपाइलअमाइन सॉल्ट, म्हणजे प्रोपेन-२-अमाइन, प्रायमरी. २,४-डीचं इथाइल एस्टर वेगळं, त्याची वाफ जास्त उडते, आणि द्राक्षवेल २,४-डीला किती नाजूक हे तासगावच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. लेबलावर अमाइन आहे की एस्टर हे त्याच्या पोराला बारावीत वाचता आलं पाहिजे. सर, मॅडम, त्या नोट्सचा गठ्ठा परत झेरॉक्सला टाकायच्या आधी लाल पेन घ्या आणि अमाइनचं पान तपासा. ते एन,एन आधी खोडा.