आधी पाय की आधी पोट?

"व्यायाम वाढवा, खाणं आवरा," एवढं एका दमात सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दोन्ही एकदम करायचं की एकामागून एक, हे विचारायला सवडच मिळाली नाही. मग घरी परिषद भरली.

आमच्या घरात आधीच दोन पंथ. नवरा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचं. पूर्वी हा माणूस दहा मिनिटांत ताटावरून उठायचा. आता घड्याळ लावून बसतो आणि चोपन्नाव्या मिनिटाला "थोडा भात उरलाय का?" म्हणतो. सासूबाई ऋजुता दिवेकरांच्या. म्हणजे तूप त्या आधीपासूनच वाढत होत्या, आता पाठिंबा मिळाला.

नवऱ्याचं मत पडलं, आधी नुसता व्यायाम. पण पुण्यात नुसता व्यायाम मिळतो कुठे? टेकडी उतरलं की पायथ्याशी पोहे. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढावा, तर वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही वाटच बघत असतात. दही न खाता गड उतरलेला पुणेकर मी तरी पाहिलेला नाही. आणि हिशेब किती निर्दयी! साडेचार किलोमीटर चालून जेमतेम अडीचशे कॅलरी जळतात. एक वडापाव तेवढ्या चार घासांत परत करतो.

बरं, आधी खाणं आवरावं, तर स्वयंपाकघर माझं नाही. "आजपासून रात्री नुसतं सूप," असं म्हटल्यावर सासूबाईंनी, "बरं नाही का गं?" म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. उपास धरला तर साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आमच्याकडे वेळापत्रक म्हणून पाळतात.

शेवटी लेकीने मोबाइलवर शोधून निकाल दिला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने हेच तपासलं होतं, अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पंचेचाळिशी उलटलेली, व्यायामाच्या वाटेला न जाणारी २०० माणसं घेतली. काहींना दोन्ही एकदम, काहींना आधी आहार, काहींना आधी व्यायाम आणि काही महिन्यांनी दुसरं. वर्षभरानंतर दोन्ही एकदम करणारे सरस ठरले. आधी आहार बदलणाऱ्यांचं व्यायामाचं गाडं रुतलं ते रुतलंच.

मात्र त्या लोकांना फोनवरून धीर देणारे मार्गदर्शक होते. मला फोन येतो तो मावशीचा, "गुळपोळ्या केल्यात, येतेस ना?" शिवाय त्या दोनशेंपैकी कुणाच्या घरी पानात उरलेलं संपवायची जबाबदारी आईवर असते की नाही, हे लेकीच्या मोबाइलमध्ये नव्हतं.

तरी विज्ञानापुढे मान तुकवून दोन्ही एकदम सुरू केलं. सकाळी मोड आलेले मूग, संध्याकाळी पर्वती. सासूबाई म्हणाल्या, "एकटी कशाला जातेस? मीही येते."

पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्या माझ्याआधी चढल्या. मी धापा टाकत वर पोचले, तर त्या पिशवीतून स्टीलचा डबा काढत होत्या. आत मेथीचे लाडू, तुपात न्हालेले.

"अहो आई, हे काय?"

"दोन्ही एकदमच करायचंय ना तुला?" त्या म्हणाल्या. "मग घे."