‘मुक्त’ मोबाइल किती मुक्त? दारव्ह्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

पाइनफोनवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं नाही. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुम्ही म्हणता: पाइनफोनसारख्या (पाइन६४ कंपनीच्या, लिनक्सवर चालणाऱ्या) मोबाइलला ‘मुक्त हार्डवेअर’ म्हणणं ही फसवणूक आहे, कारण मोडेम (टॉवरशी बोलणारा भाग) बंद आणि चिपही बंद, म्हणजे त्यांच्या आत काय आहे ते कंपनी दाखवत नाही. सर्किटचा नकाशा दिला म्हणून यवतमाळ जिल्ह्यात कोणी बोर्ड बनवणार नाही. गावात लागणारी अ‍ॅप त्यावर चालत नाहीत, मग आठ हजारांचा अँड्रॉइड काय वाईट? आणि शेवटी, घ्यायचाच झाला तर सिम कोणतं टाकायचं?

शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मुक्त हार्डवेअरची जी व्याख्या जगभर मानली जाते, तिच्यानुसार डिझाइन करणारा स्वतः ज्या फायलीत बदल करतो तीच मूळ फाइल लोकांना द्यावी लागते आणि त्यावरून वस्तू बनवून विकायचीही मोकळीक असावी लागते. पाइन६४ने पाइनफोनचं सर्किट पीडीएफमध्ये दिलं आहे. पीडीएफ वाचता येते, त्यात बदल करून नवा बोर्ड काढता येत नाही. बोर्डावरच्या तारांची मांडणी, म्हणजे लेआउट, बदलता येईल अशा रूपात मिळत नाही. तेव्हा काटेकोर बोलायचं तर हा ‘उघड्या सर्किटचा आणि मुक्त सॉफ्टवेअरचा’ मोबाइल आहे. मूळ लेखात सरसकट ‘मुक्त हार्डवेअर’ लिहिलं होतं, ती चूक होती. आता तिथे हेच शब्द घातले आहेत.

पण त्यावरून तुम्ही काढलेला दुसरा निष्कर्ष, की बोर्ड बनवता येत नाही म्हणून नकाशा बिनकामाचा, तो पटत नाही. मोबाइलचा बोर्ड अनेक थरांचा असतो. प्रोसेसरच्या पोटाखालचे सोल्डरचे मणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या अंतरावर बसलेले असतात. असला बोर्ड दारव्ह्यातच काय, नागपुरातही एकट्यादुकट्याने बनवायची गोष्ट नाही. नकाशा लागतो तो दुरुस्तीला.

जुनं उदाहरण घ्या. २००८ साली ओपनमोको या मुक्त मोबाइलच्या प्रकल्पाचा ‘निओ फ्रीरनर’ हा मोबाइल आला. त्याचं जीपीएस उपग्रह पकडायला फार वेळ लावायचं. कार्ड घातलेलं असलं की मेमरी कार्डाच्या क्लॉकच्या तारेवरचा विद्युत गोंगाट जीपीएसच्या क्षीण संकेतात मिसळत होता. इलाज निघाला १० पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरचा, त्याच तारेवर. पाइनफोनच्या १.२ क्रमांकाच्या बोर्डात यूएसबी-सीच्या जोडणीत चूक होती, त्यामुळे डॉक (पडदा, कीबोर्ड जोडायचा डबा) नीट चालत नव्हता. तीही सर्किट उघडं असल्यामुळे समुदायातल्या, म्हणजे या मोबाइलवर हौसेने काम करणाऱ्या, लोकांना सापडली, आणि १.२अ बोर्डात ती दुरुस्त झाली. दोन्ही वेळा कोणी नवा बोर्ड बनवला नाही. कुठे हात घालायचा हे कळलं, एवढंच.

आता हे तालुक्याच्या दुकानात आणून बघू. तक्रार नेहमीची: मोबाइल चार्ज होत नाही. आधी यूएसबी टेस्टर लावायचा, ५ व्होल्ट येतात का आणि किती मिलिअँपिअर ओढतो ते पाहायचं. काहीच ओढत नसेल तर चार्जिंग जॅक. आपल्याकडे जॅकमध्ये धूळ आणि कापसाचं तूस दाबून बसतं, ते लाकडी काडीने काढून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पुन्हा बघायचं. जॅकमागच्या कपॅसिटरवर ५ व्होल्ट मिळाले तर दोष पुढे आहे. मग बॅटरी काढून डीसी सप्लायवर ४ व्होल्ट द्यायचे, करंटची मर्यादा १ अँपिअर. पॉवरचं बटण दाबायच्या आधी सुई शून्याजवळ राहिली पाहिजे. न दाबताच शंभर-दोनशे मिलिअँपिअर जात असतील तर मुख्य लाइनवर शॉर्टिंग आहे. बोर्डावर आयपीए शिंपडलं की जिथलं पटकन उडतं तिथे गरम होतंय. बहुतेकदा तिथे तांदळाच्या कणीएवढा एखादा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट निघतो.

नकाशा नसलेला आणि नकाशा हातात असलेला कारागीर इथून वेगळ्या वाटेने जातात. नकाशावर दिसतं की हा कपॅसिटर मुख्य लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहे, शेजारी तसेच आणखी चार आहेत, म्हणजे तो काढून टाकला तरी मोबाइल चालेल. जो भाग मात्र चार्जिंगच्या मापनाच्या वाटेत बसला आहे, तो काढला तर चार्जिंग कायमचं बिघडेल. नकाशा नसेल तर अंदाजाने व्होल्टेज सोडलं जातं. पाइनफोनच्या ए६४ प्रोसेसरच्या कोअरला साधारण १.१ व्होल्ट लागतात. त्या लाइनवर चुकून ४ व्होल्ट सोडले तर दीडशे रुपयांच्या कामात प्रोसेसर जळतो, आणि गिऱ्हाइकाला ‘बोर्ड गेला’ असं सांगितलं जातं. किती बोर्ड खरोखर आपणहून गेलेले असतात आणि किती दुकानात गेलेले, हा प्रश्न दुरुस्तीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, साध्या अँड्रॉइडचे नकाशेही मिळतातच की. मिळतात. फुटून बाहेर आलेले असतात, वर्गणी भरून किंवा डोंगल घेऊन बघायचे असतात, आणि त्यातले काही भलत्याच आवृत्तीच्या बोर्डाचे निघतात. कंपनीने स्वतः, आवृत्तीचा क्रमांक घालून, फुकट दिलेला नकाशा ही वेगळी गोष्ट आहे. शिकाऊ मुलाच्या हाती तो दिला तर त्यावर तो धंदा शिकू शकतो.

सुट्या भागांचं मात्र खरं सांगायला हवं. पाइनफोनची बॅटरी सॅमसंग गॅलक्सी जे७च्या २०१५ मॉडेलच्या आकाराची आहे. ती नागपुरात बर्डीवर मिळते, तालुक्यालाही मिळते. घेताना ३००० एमएएचची, २०१५चीच बघून घ्या. २०१६च्या जे७ची ३३०० एमएएचची बॅटरी वेगळ्या मापाची आहे, बसत नाही. नव्या मोबाइलमध्ये बॅटरीच्या टोकांवर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. ती काढली नाही तर मोबाइल सुरूच होत नाही, आणि लोक तो बिघडलेला समजून बसतात. बॅटरी सोडून बाकी सगळं, म्हणजे फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोड), यूएसबीचा छोटा बोर्ड, मुख्य बोर्ड, परदेशातून मागवावं लागतं. पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. या बाबतीत रेडमीचा फोल्डर बाजाराच्या दिवशी हातोहात बदलून मिळतो, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

मोडेमकडे वळू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे, आणि तो रास्त आहे.

पाइनफोनमध्ये क्वेक्टेलचा ईजी२५-जी मोडेम आहे. तो स्वतःच एक छोटा संगणक आहे: आत क्वालकॉमची चिप आणि तिच्यावर वेगळं लिनक्स. त्यातला वरचा भाग समुदायातल्या लोकांनी नव्याने लिहून मोकळा केला आहे. पण टॉवरशी प्रत्यक्ष बोलणारा संकेत-प्रक्रियेचा भाग बंदच आहे. त्यावर कंपनीची सही असते आणि ती सही जुळल्याशिवाय चिप तो कोड चालवत नाही. ओपनमोकोच्या वेळीही हेच झालं होतं. सर्किट उघडं, पण आतला कॅलिप्सो मोडेम बंद. पुढे २०१० साली सुरू झालेल्या ऑस्मोकॉमबीबी प्रकल्पाने त्याच कॅलिप्सो चिपच्या जुन्या मोटोरोला फोनांवर २जीचा मुक्त कोड चालवून दाखवला. खिशातल्या ४जी मोबाइलपर्यंत ते काम पोहोचलेलं नाही.

कारणं तांत्रिक कमी आणि व्यवस्थेची जास्त आहेत. ४जीची प्रमाणं कोणीही उतरवून वाचू शकतो, तिथे काही लपलेलं नाही. पण ती प्रत्यक्षात आणताना पेटंटांचं जंगल लागतं. मोजक्या कंपन्या चिप बनवतात आणि माहिती गुप्ततेच्या करारावर देतात. वर परवानगीचा प्रश्न: लहरी सोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाची ताकद आणि वारंवारता तपासून मान्यता मिळते. भारतात डोक्यात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या ऊर्जेची मर्यादा, १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून, १.६ वॉट प्रतिकिलो आहे. कोणीही कोड बदलून ताकद वाढवू शकेल असा मोडेम मान्यतेला नेणं कंपन्यांना अवघड जातं. संगणक आणि रेडिओ बोर्ड जोडून ४जी चालवणारी मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, पण ती वीज इतकी खातात की खिशात मावणार नाहीत, आणि परवाना लागणाऱ्या पट्ट्यात स्वतःहून लहरी सोडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, बदलण्याचंही तसंच. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मोडेमच्या आज्ञा हाताळताना कोणी तो खेळ करू नये, हे ठळकपणे सांगतो.

मग या बंद मोडेमचं समुदायाने काय केलं? त्याला वेगळं बसवलं. पाइनफोन आणि लिब्रेम ५ (हाही लिनक्सचाच मोबाइल) या दोन्हींत मोडेम मुख्य प्रोसेसरपासून अलग आहे आणि यूएसबीने जोडलेला आहे. लिब्रेममध्ये तर तो काढून बदलता येणारं कार्डच आहे. पाइनफोनचं मागचं झाकण काढलं की सहा बारीक स्विच दिसतात. त्यातला पहिला मोडेमचा. तो बंद केला की मोडेमची वीजच जाते. बंद वस्तू आत आहे हे तुमचं म्हणणं खरं, पण तिच्या दाराची कडी बाहेरून, आपल्या हाताशी आहे. नेहमीच्या मोबाइलमध्ये मोडेम बहुधा प्रोसेसरच्याच चिपमध्ये असतो आणि ‘विमान मोड’ हे सॉफ्टवेअरचं आश्वासन असतं.

अ‍ॅपच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने एक पाऊल पुढे जाईन. ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो काढावा लागतो. हमीभावाने कापूस घालायला सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी. लिनक्सच्या मोबाइलवर वेड्रॉइड नावाच्या कप्प्यात अँड्रॉइडची अ‍ॅप चालवता येतात, पण कॅमेरा आणि जीपीएस त्या कप्प्यापर्यंत धड पोहोचत नाहीत. यूपीआयची बहुतेक अ‍ॅप तर उपकरणाची ‘शुद्धता’ तपासून दारातूनच परत पाठवतात. म्हणजे मुक्ततेची शेवटची भिंत चिपमध्ये नाही, ती सरकारी आणि बँकांच्या अ‍ॅपमध्ये आहे. मोबाइल कितीही उघडा केला तरी पिकाची नोंद प्ले स्टोअरसारख्या एकाच दुकानातून उतरवलेल्या अ‍ॅपवर होणार असेल, तर शेतकऱ्याला पर्याय उरत नाही. ही नोंदणी साध्या ब्राउझरमधूनही करता आली पाहिजे, ही मागणी तुम्ही-आम्ही मिळून करायला हवी. मला हा विषय मोडेमपेक्षा जास्त निकडीचा वाटतो.

म्हणून सरळ सांगतो: घरात एकच मोबाइल असणार असेल तर आठ हजारांचा अँड्रॉइड घ्या. त्यातही बूटलोडरचं (मोबाइल सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचं) कुलूप उघडू देणारं मॉडेल बघा, म्हणजे कंपनीने अपडेट बंद केल्यावर दुसरी प्रणाली टाकायची वाट राहते. पोको एफ१, वनप्लस ६ यांसारख्या २०१८च्या मोबाइलांवर पोस्टमार्केटओएस ही लिनक्सची प्रणाली चांगली चालते, आणि ते जुन्या बाजारात सापडतात. कुलूप उघडताना आतला सगळा डेटा पुसला जातो, आधी काढून ठेवा. पाइनफोन हा शिकणाऱ्याचा, दुरुस्ती करणाऱ्याचा, दुसरा मोबाइल आहे.

राहिलं सिम. जिओकडे २जी-३जी नाहीच, आवाजही ४जी-५जीवरूनच जातो. त्यामुळे पाइनफोनमध्ये जिओचं सिम टाकलं की इंटरनेट लागतं आणि कॉल लागत नाही, असा अनुभव येऊ शकतो. उपाय असा: मोडेमच्या सिरीअल पोर्टवर (त्याला थेट आज्ञा द्यायच्या वाटेवर) जाऊन प्रोफाइलची, म्हणजे सिम कंपन्यांच्या तयार सेटिंगांची, यादी मागवायची. आपल्या कंपनीचं प्रोफाइल असेल तर ते, नसेल तर सर्वसाधारण ३जीपीपी प्रोफाइल निवडायचं, आयएमएस (४जीवरून कॉल नेणारी सोय) सुरू करायचं आणि मोडेम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा. नुसतं विमान मोड करून भागत नाही. एवढं नको असेल तर एअरटेल घ्या, कॉलच्या वेळी तो २जीवर उतरतो. बीएसएनएलच्या ४जीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही हा मोडेम पकडतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात जिथे एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथे निवड तुमच्या हाती नाही, तिथे प्रोफाइलचं काम आधी करून मगच जा. मोबाइल झोपेत असला तर रिंग वाजायला काही सेकंद जास्त लागतात आणि कॉल निसटतो. महत्त्वाचा फोन यायचा असेल त्या दिवशी आपोआप झोपणं बंद ठेवा, बॅटरी लवकर उतरेल हे धरून चाला.

आणि एक. जागा मायक्रो सिमची आहे, खालच्या खणात सिम, वरच्यात मेमरी कार्ड. नॅनो सिमला अडॅप्टर लागतो. तो रिकामा कधीच आत सरकवू नका. बाहेर ओढताना सिम जॅकच्या पिना त्याच्या चौकटीत अडकून वाकतात. सिम अडॅप्टरमध्ये बसवून मागून पातळ टेप लावा, मगच आत घाला. पिना वाकल्या तर जॅक हॉट एअरने काढून नवा बसवावा लागतो, आणि नेमका तो जॅक आपल्याकडे सहज मिळत नाही.