गड केला नाही, हो!

रविवारी आम्ही पाच जण लोकलने मळवलीला उतरलो, दिवसभर हिंडलो आणि गड न करता परत आलो. तेव्हापासून तिघांनी तरी विचारलंय, "लोहगडाच्या पायथ्याला जाऊन वर गेला नाहीत? मग गेलात कशाला?"

चालायला गेलो होतो.

एकाचा गुडघा कुरकुरतोय, एकीला उतार दिसला की धडकी भरते, बाकीच्यांचा दम फोटोपुरता. म्हणून सपाटीवरूनच हिंडायचं ठरलं. स्टेशनातून निघून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला, खाली गाड्या सुसाट मुंबईकडे, आणि जरा पुढे गेलं की भाताची खाचरं. भात नुकतंच निसवलेलं, बांधावर तेरडा आणि सोनकी. आमचा भोरच्या बाजूचा मित्र तिथेच थांबला. लहानपणी लावणीच्या दिवसांत शाळा कशी बुडायची, चिखलात पाय कसे कुजायचे, आजी वाफ्यात उभ्या उभ्या कशी शिव्या घालायची, अर्धा तास बोलत होता. पंधरा वर्षं आम्ही एकत्र गड चढतोय. चढावर याच्या तोंडून आजवर "पाणी दे" एवढंच ऐकलं होतं!

भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढलो, तेवढा चढ माफ. लेणी बावीस, साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचे, खांब सरळ उभे नाहीत, आत कललेत. लाकडी इमारतीत खांब असे कलते लावत, म्हणून दगडातही तसेच कोरले. वरच्या कमानीला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या अजून आहेत. पुढे चौदा स्तूपांचा घोळका आहे, काहींवर भिक्खूंची नावं. तिथे निवांत बसलो. एरवी लोहगडाच्या घाईत ही लेणी "येताना बघू" म्हणून राहतात, आणि येताना पाय बोलत असतात.

खालून आणखी एक गोष्ट नीट दिसते: शेजारचा विसापूर किल्ला लोहगडापेक्षा उंच आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड त्यांना जड गेला नाही. इतक्या वेळा लोहगडावर गेलो, पण हे डोक्यात शिरलं ते खाचराच्या बांधावर भाकरी खाताना.

दुपारी इंद्रायणी ओलांडून कार्ल्याच्या लेण्यांना. एकवीरेला रविवारची गर्दी, नारळ, गुलाल, रांग. चैत्यगृहात मात्र गारवा. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने तिथे कोरून ठेवलंय की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह, म्हणजे दगडात कोरलेलं घर, आहे. फुशारकी मारायची तर अशी, मागे काहीतरी उभं करून. आमच्या ग्रुपवर 'आज दोन गड, साडेचार तास' असं रोज कुणीतरी टाकतं. त्या दोन गडांवर काय पाहिलं ते विचारलं तर घड्याळ दाखवतात.

चढणाऱ्यांवर राग नाही. मीही चढलोय, पुन्हा चढेन. पण डोंगरात जाणं म्हणजे माथाच गाठणं, हे कुणी ठरवलं? पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जी चेंगराचेंगरी होते, त्यात या हट्टाचा वाटा मोठा आहे.

पुढच्या महिन्यात कामशेतला उतरून बेडसे. लेणी पूर्वाभिमुख आहेत, सकाळचं ऊन आत येतं, त्यामुळे पहिली लोकल पकडायची. यायचं असेल त्यांनी कळवा. डबा आपला आपण आणायचा, भोरचा मित्र कांद्याची चटणी आणतोय.