आधी माथा, मग पायथा!
मृद-जलसंधारणाला सरकारी अनुदान मिळतं, पण ते दरवेळी खालच्या बंधाऱ्यावरच का ओततात? वर उतारावर सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले लांब चर) नाहीत, गवत नाही, झाडं नाहीत. मग पहिल्याच जोरदार पावसात माती सुटते आणि नवा बंधारा गाळाने भरतो. पाणलोटाचं (ज्या भागातलं पाणी वाहत एकाच ओढ्याला मिळतं, त्या भागाचं) काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं, हे काय आज कळलंय? एक इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हो! गाळ काढायला, फुटलेला बांध सांधायला पैसे मागितले की उत्तर ठरलेलं: देखभालीची तरतूद नाही. नव्या बांधकामाला मात्र असते! त्यातही मंजुरी येणार ऐन पावसाच्या तोंडावर. ओल्या जमिनीत खोदकाम करायचं कसं? कोरड्या दिवसांत पैसे सोडा ना!