तीन महिन्यांत स्त्रीबीज नवं होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये एक दावा सतत फिरतोय: "स्त्रीबीज तयार व्हायला ९० दिवस लागतात. तेव्हा तीन महिने योग्य आहार, डिटॉक्स आणि कोक्यू-टेनच्या (पेशींना ऊर्जा बनवायला मदत करणाऱ्या द्रव्याच्या) गोळ्या घ्या, चाळिशीतही पंचविशीतली बीजं मिळतील. एएमएच (रक्तात मोजलं जाणारं एक संप्रेरक) वाढला की समजा, बीजं तरुण झाली." हे वाचून मला मनापासून चीड येते. कारण असा मेसेज शोधून वाचणारी बाई आधीच काळजीत असते. तिच्याकडे वेळ कमी असतो आणि हा मेसेज नेमका तिचा वेळच खातो.

आधी ९० दिवसांचं बघू. आकडा अगदीच हवेतला नाही. बीजकोशातलं छोटं पुटक, म्हणजे फॉलिकल, वाढीच्या शेवटच्या मोठ्या टप्प्यात शिरल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत साधारण ८५ दिवस जातात. पण ही आधीपासून असलेल्या बीजाची वाढ झाली. सुरुवातीपासूनच्या एकूण वाढीत बीज फुगतं, सुमारे ०.०३५ मिलिमीटरचं ०.१२ मिलिमीटरपर्यंत जातं, स्वतःत साठा करतं. नवं बीज मात्र जन्माला येत नाही. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी खरोखर नव्यानं बनतात, अडीच महिन्यांच्या आसपास. त्या हिशेबाची बायकांच्या बीजाशी सरसकट गल्लत केली जाते.

बाईची सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. गर्भाच्या पाचव्या महिन्यात ६०-७० लाख, जन्मताना १० ते २० लाख, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात त्यातली जेमतेम ४००-५०० बाहेर पडतात, बाकीची आतच विरून जातात. उरलेलं प्रत्येक बीज अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्याच टप्प्यावर थांबून राहिलेलं असतं. ३८ वर्षांच्या बाईचं या महिन्यातलं बीज तिच्याहून काही महिन्यांनी लहान नाही, उलट किंचित मोठंच भरेल.

आता "तीन महिन्यांत बीज दुरुस्त होतं" या मुद्द्याकडे येऊ. खरी मेख इथेच आहे. गर्भात असताना बीजातल्या डीएनएची दुसरी प्रत बनते, तेव्हाच दोन्ही प्रतींना एकत्र धरणारी कोहेसिन नावाची प्रथिनांची कडी त्यांच्याभोवती बसते. तिच्यातला एक भाग म्हणजे आरईसी-८. गुणसूत्रांच्या जोड्या पुढं कित्येक वर्षं या कड्यांच्या भरवशावर टिकतात. मग प्रश्न असा की बीज वाढत असताना जुन्या कड्या काढून नव्या बसवतं का?

हे उंदरांवर फार कौशल्यानं तपासलं गेलं आणि २०१० साली प्रसिद्ध झालं. संशोधकांनी असे उंदीर तयार केले की त्यांचं जुनं आरईसी-८ एका विशिष्ट विकरानं (एन्झाइमनं) कापता येईल. हे विकर तंबाखूच्या झाडाला लागणाऱ्या एका विषाणूतलं. त्याच बीजांत, वाढीच्या काळात, न कापलं जाणारं नवं आरईसी-८ही बनवायला लावलं. वाढ पूर्ण झाल्यावर ते विकर आत सोडलं. नव्या प्रथिनानं थोड्या जरी कड्या बदलल्या असत्या, तरी जोड्या टिकल्या असत्या. त्या सुटल्या. नवं प्रथिन हजर होतं, पण गुणसूत्रांना धरून ठेवण्याच्या कामी आलं नव्हतं. पुढं २०१६ साली कित्येक महिने थांबून राहिलेल्या बीजांतही हेच दिसलं. गोधडीचे टाके उसवत असताना शेजारी नव्या दोऱ्याचं रीळ नुसतं पडून असावं, तसं. आणि लक्षात घ्या, पहिला प्रयोग नेमका वाढीच्या काळावरचा आहे. ज्या काळात सगळं नवं करून मिळेल असं हा मेसेज सांगतो, त्याच काळावरचा.

वयस्कर उंदरांच्या बीजांत गुणसूत्रांवरचं आरईसी-८ बरंच कमी झालेलं आढळलं. त्याला अकाली कापलं जाण्यापासून वाचवणारं शुगोशिन नावाचं प्रथिनही घटलेलं होतं. कड्या सैल झाल्या की जोड्या वेळेआधी सुटतात आणि बीजात २३ ऐवजी २२ किंवा २४ गुणसूत्रं जातात. त्यातून बहुतेकदा गर्भ रुजत नाही किंवा पडतो. पंचविशीत डाउन सिंड्रोमची (बाळात २१वं गुणसूत्र एक जास्त असण्याची) शक्यता साधारण १२५० बाळंतपणांत एक असते, ती ३५व्या वर्षी ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक होते, त्यामागं मुख्यतः हेच आहे. तरुण बीजं निर्दोष असतात असंही नाही. माणसाच्या बीजात गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंची रचना उभी राहायलाच सुमारे १६ तास लागतात आणि ती मूळचीच डळमळीत असते. वयानं त्यात भर पडते.

कोक्यू-टेनबद्दल जे सांगतात ते मुख्यतः उंदरांवरच्या २०१५ सालच्या अभ्यासावर उभं आहे. त्यात वयस्कर माद्यांच्या बीजांतल्या तंतुकणिकांचं, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचं, काम सुधारलं, हे खरं. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेली बायकांवरची चाचणी ३९ जणींवरच, मुदतीआधी थांबली आणि गुणसूत्रांच्या दोषांत ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. ऊर्जा थोडी सुधारली तरी झिजलेली कडी पुन्हा बसत नाही. ती बसवणारी, तोंडानं घ्यायची कुठलीही गोळी आज नाही.

एएमएचचं तर अगदी थोडक्यात. हे संप्रेरक लहान, वाढत्या पुटकांच्या पेशी बनवतात. त्यावरून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांच्या दर्जाचा नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी एएमएच असलेल्यांनाही इतरांइतकीच गर्भधारणा झाली. रिपोर्टमधला आकडा वाढला म्हणून बीजाचं वय घटत नाही.

यावर हमखास ऐकू येतं: "आमच्या ओळखीतल्या एकीला ४३व्या वर्षी झालं की!" होतं, का नाही होणार? त्या वयातही काही बीजं नीट असतात. शिवाय चाळिशीपुढची बरीच बाळंतपणं दात्रीच्या बीजावरची असतात आणि ते लोक चारचौघांत सांगत नाहीत, सांगावं अशी सक्तीही नसावी. भारताच्या २०२१ च्या कायद्यात बीजदात्रीचं वय २३ ते ३५ ठेवलंय, उपचार घेणाऱ्या बाईसाठी मात्र मर्यादा ५० पर्यंत. गर्भाशय बरीच वर्षं साथ देतं, बीजाचं तसं नाही.

चांगलं खाऊ नका, असं मी म्हणत नाही. तंबाखू-सिगारेट सोडाच, धूम्रपानानं पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते. फॉलिक अ‍ॅसिडही दिवस राहण्याआधीपासून घ्या, ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी. मूल पुढं हवं असेल तर पस्तिशीच्या आत बीजं गोठवून ठेवता येतात, तेव्हाचं वय त्या बीजांत थांबतं. मूल होईलच याची हमी मात्र त्यातही नसते.

आणि प्रयत्न सुरूच असतील, तर ३५ च्या आत वर्षभर, ३५ नंतर सहा महिने वाट बघा, चाळिशी ओलांडली असेल तर लगेच डॉक्टरकडे जा. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या. "आधी तीन महिने पावडर घेऊन बघू, मग जाऊ," हे तेवढं करू नका.