‘एसीतलं मानसशास्त्र’ म्हणणाऱ्या वाचकांस

माझा मागचा लेख सकारात्मक मानसशास्त्रावर होता, म्हणजे माणसात काय बिघडलं यापेक्षा त्याची बलस्थानं कशी वाढवायची हे बघणाऱ्या शाखेवर. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, खाली तशीच आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार देते. सकारात्मक मानसशास्त्र हे अमेरिकेतलं खूळ आहे. त्याचे परिणाम सांगितले जातात तेवढे मोठे नाहीत. कॉलेजं समुपदेशक नेमत नाहीत आणि आम्ही मुलांनाच ‘आपली बलस्थानं शोधा’ सांगून मोकळे होतो. आणि शेवटी, “ताई, एसीत बसून नव्या पेठेतल्या पोरांना कृतज्ञतेच्या वह्या वाटू नका.”

लेख लांबला होता, हे कबूल. या शाखेने मांडलेले सहा सद्गुण आणि त्यांतले चोवीस गुण एकेक करून सांगायची गरज नव्हती.

आता एसी. माझ्या घरी एसी आहे, हप्ते अजून चालू आहेत. पण तुम्हाला माझ्या घरातलं काय ठाऊक? बाईने मानसशास्त्रावर लिहिलं की ती कोथरूडच्या सुखवस्तू घरातलीच असणार, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मी परभणीहून पुण्याला आले ती एका ट्रंकेसह. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी भरलेल्या नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहिले, मेसचे पैसे थकले की मावशींची नजर चुकवून मागच्या दाराने निघायचे. शेवटी त्यांनीच हाक मारून पोळी वाढली. त्या पोळीबद्दल मी कुठल्याही वहीत लिहिलं नाही, कारण तेव्हा असली वही असते हेच मला माहीत नव्हतं. माहीत असती तर लिहिलं असतं. तेव्हा नव्या पेठेतल्या पोरांच्या वतीने मला दटावण्याआधी थोडी चौकशी करायची होतीत.

बरं, वही म्हणजे तरी काय, हे लेखात नीट लिहिलं होतं. ‘सगळं छान आहे’ असं घोकायची ती वही नाही. रात्री दिवसभरातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. सगळी मेख या ‘का’मध्ये आहे. एमपीएससीची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा हुकलेला मुलगा ‘आज अभ्यासिकेत मित्राला राज्यघटनेतला एक मुद्दा समजावला’ असं लिहितो आणि पुढे कारण लिहायला बसतो, तेव्हा ‘मला समजावता येतं’ हे त्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. निकालाच्या यादीत हे कुठे छापून येत नाही. या शाखेचा पाया घालणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हाच व्यायाम आणि ‘आपला ठळक गुण रोज नव्या प्रकारे वापरा’ हा दुसरा, असे दोन्ही आठवडाभर करून घेतले. या दोन्हींचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. कृतज्ञतेचं पत्र स्वतः नेऊन देण्याचा परिणाम सुरुवातीला सर्वांत मोठा होता, पण महिनाभरच टिकला. म्हणजे निव्वळ कृतज्ञतेवर सगळी मदार ठेवा, असं मीही म्हणत नाही. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आणि आपले ठळक गुण कोणते हे सांगणारी, लेखातली ती प्रश्नावली इंटरनेटवर फुकट आहे. पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या चोवीस गुणांवर ती बेतलेली आहे. तिच्यात कोणी नापास होत नाही, फक्त तुमच्यात कोणता गुण वर आणि कोणता खाली ते कळतं. दहावीपासून टक्क्यांशिवाय स्वतःबद्दल काहीही न ऐकलेल्या मुलीला ‘न्यायबुद्धी’ किंवा ‘विनोदबुद्धी’ सर्वांत वर दिसते, तेव्हा तिचा चेहरा बघायला या कधीतरी. गरीब घरातल्या मुलांना पैशाखेरीज कशाचीच गरज नसते, हे तुमचं गृहीतक माझ्या एसीपेक्षा जास्त थंड आहे.

परिणाम लहान आहेत म्हणता. आधीच्या अभ्यासांच्या २०१९ मधल्या एका फेरतपासणीत तसं निघालं आहे. लहान म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेचं म्हणाल, तर तुमच्या हातातला फोनही इथला नाही. समुपदेशकांचा मुद्दा रास्त आहे, पण तो संस्थाचालकांना लिहा, माझ्या ब्लॉगवर लिहून पद भरलं जाणार नाही. ज्याची झोप उडाली आहे, जगणं नकोसं झालं आहे, त्याच्या हाती मी वही देत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लेखाच्या तळाशी दिला होता. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल, लेख लांब होता ना.

पुढच्या खेपेला स्वतःच्या नावाने लिहा. आणि ‘ताई’ म्हणायचंच असेल, तर पुढचं वाक्य त्या शब्दाला शोभेल असं लिहा.